‘नॉट रिस्पॉन्डिंग’ : घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका महिन्याच्या एक तारखेला मला हमखास फोन करत. “अरे, वेळ आहे का? परत हँग झालाय.” ऑफिसात गेलं की दृश्य ठरलेलं. मेंटेनन्सच्या बिलांची शीट उघडायला काकांनी डबल-क्लिक केलेलं, विंडो आलेली, पण तिच्यावर दुधाची साय धरल्यासारखी, आणि वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. दार उघडत नाही म्हणून पाहुण्याने बेल दाबतच राहावं तसे काका माउस बडवत असायचे. मग फुलीवर क्लिक, मग ‘एंड टास्क’, मग पुन्हा डबल-क्लिक आणि पुन्हा साय.

‘हँग झाला’ हे आपण सरसकट म्हणतो, पण डॉक्टरकडे जाऊन नुसतं “बरं नाही” म्हणावं तितकाच त्याचा उपयोग. प्रोग्राम मेला आहे, कामात बुडाला आहे, की कुणाची तरी वाट बघत बसला आहे? पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात आणि तिघांवरचे उपाय मात्र वेगळे.

आधी ती साय कुठून येते ते बघू. विंडोजमध्ये प्रोग्रामच्या विंडोमागे निरोपांची एक रांग असते. माउस हलला, बटण दाबलं, विंडोचा आकार बदलल्याने काही भाग पुन्हा रंगवायची वेळ आली, की एकेक चिठ्ठी या रांगेत पडते. प्रोग्राममधला एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, या चिठ्ठ्या क्रमाने उचलतो आणि निकाली काढतो. बँकेच्या काउंटरवरचा एकटा कारकून समजा. आता याच कारकुनाला कुणी “आतल्या खोलीतलं सगळं दप्तर मोजून ये” म्हणून पाठवलं, तर काउंटर उघडा, दिवा चालू, पण माणूस जागेवर नाही. पाच सेकंदांत एकही चिठ्ठी उचलली गेली नाही, की विंडोज त्या विंडोला प्रतिसाद न देणारी ठरवतं.

एवढंच. पाच सेकंद. या पाटीमागे यापेक्षा खोल असं काही निदान नसतं.

त्यानंतर विंडोज एक गमतीदार गोष्ट करतं. मूळ विंडो झाकून तिच्याच जागी, तिच्याच मापाची एक नक्कल उभी करतं. तिचं तांत्रिक नावच ‘घोस्ट विंडो’ आहे. पांढुरकी दिसते ती ही नक्कल. हे भूत तुम्हाला हलवता येतं, लहान करता येतं, बंद करता येतं, बाकी काही नाही. त्याच्यावर बडवलेले क्लिक वायाच जातात. पण भूत यायच्या आधी, त्या पहिल्या पाच सेकंदांत केलेले क्लिक रांगेत पडून राहतात, आणि कारकून परत आला की ते इमानेइतबारे एकामागून एक अमलात आणतो. एक ओळ डिलीट करायची होती आणि तीन गेल्या, हा चमत्कार असा घडतो. म्हणून विंडो गोठली की पहिला उपाय म्हणजे माउसवरचा हात काढणे. काकांना हे पटवायला मला चार महिने लागले.

खरं तर चांगला प्रोग्रामर कारकुनाला काउंटरवरून उठवतच नाही. लांबचं काम दुसऱ्या थ्रेडला देतो आणि काउंटरवरचा माणूस “काम चालू आहे, चाळीस टक्के झालं” असं सांगत बसतो. माझं स्पष्ट मत आहे की आपण ज्याला हँग म्हणतो त्यातला बराचसा भाग कॉम्प्युटरच्या कमकुवतपणाचा नसून प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या आळसाचा असतो.

मग एवढ्या हुशार यंत्राला आत डोकावून “हा कायमचा अडकलाय” किंवा “याला अजून दोन मिनिटं द्या” असं का सांगता येत नाही? याला पक्कं गणिती कारण आहे. गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्या १९३६ सालच्या शोधनिबंधातून निघणारा निष्कर्ष असा: कोणताही प्रोग्राम दिला तरी तो कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत अस्तित्वातच असू शकत नाही. वेगवान चिप आणली तरी हे बदलत नाही. त्यामुळे विंडोज घड्याळ लावून बसतं, मॅक रंगीत चकती फिरवत बसतो, आणि ‘थांबू की मारू’ हा निर्णय शेवटी खुर्चीवरच्या माणसावर येऊन पडतो.

निर्णय घ्यायचा तर घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला हवं, आणि त्यासाठी टास्क मॅनेजर आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की तो थेट उघडतो. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरने तो लिहिला आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० बरोबर तो लोकांपर्यंत पोचला. बहुतेक लोक तो फक्त खाटकाचा सुरा म्हणून वापरतात. त्याचा खरा उपयोग नाडी बघायला.

गोठलेल्या प्रोग्रामच्या ओळीत सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा आकडा बघा. समजा तुमच्या प्रोसेसरला आठ थ्रेड एका वेळी चालवता येतात आणि हा आकडा साधारण साडेबारा टक्क्यांवर खिळून बसलाय. शंभर भागिले आठ, म्हणजे साडेबारा. एक थ्रेड जीव तोडून धावतोय आणि बाकी सात मोकळे बसलेत, असा त्याचा अर्थ. चार थ्रेडच्या मशीनवर हाच आकडा पंचवीस दिसेल. प्रोग्राम जिवंत आहे, पण काम करतोय की एकाच जागी गोल गोल फिरतोय, ते ट्यूरिंगच्या कृपेने सांगता येत नाही. अशा वेळी त्याच ओळीतल्या मेमरीच्या आणि डिस्कच्या आकड्यांवर नजर ठेवावी. ते हलत असतील तर चहा करून आणावा. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात १०,४८,५७६ ओळी असतात. पूर्ण रकान्यावर लावलेली सूत्रं एकमेकांवर अवलंबून असतील तर चहा दोनदाही होऊ शकतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे सीपीयू निवांत, पण डिस्क शंभर टक्के. हे जुन्या, कमी रॅमच्या मशीनचं दुखणं. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, भरली की विंडोज त्यातली सध्या न लागणारी पानं, म्हणजे माहितीचे तुकडे, डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागली की परत आणतं. ही ने-आण किती महाग पडते ते आकड्यांतच बघावं. रॅममधून एक नोंद वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, त्यात डोकं सरकायचा वेळ धरला तर एका खेपेला दहा-बारा मिलिसेकंद सहज. म्हणजे रॅममधली खेप एक सेकंदाची मानली, तर डिस्कवरची खेप एका दिवसाहून मोठी होते! एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कवर, तीच खेप साधारण पंधरा-वीस मिनिटांवर येते. जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवली की लोकांना तो नवा झाल्यासारखा वाटतो, तो या फरकामुळे.

पानं आणण्या-नेण्यातच सगळा वेळ जातो आणि मुख्य काम बाजूलाच राहतं, या अवस्थेला इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला होता. इथे प्रोग्राम मारून उपयोग नाही, गर्दी कमी करायला हवी. ब्राउझरच्या चाळीस टॅबपासून सुरुवात करावी.

तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी: सीपीयू शून्य, डिस्क शून्य, आणि विंडो गोठलेली. प्रोग्राम काहीच करत नाही. तो कशाची तरी वाट बघतोय. कधी कधी तो तुमचीच वाट बघत असतो. ‘सेव्ह करू का?’ विचारणारा छोटा चौकोन मोठ्या विंडोच्या मागे दडलेला असतो आणि आपण समोरच्या विंडोवर क्लिक करून नुसते ‘टुंग’ आवाज ऐकत असतो. आल्ट आणि टॅब दाबून एकदा मागे बघावं.

कधी मात्र दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत असतात. आपल्याकडे म्हणतात ना, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. पहिल्याने एका फाइलला कुलूप लावलंय आणि त्याला दुसरी हवी आहे; दुसऱ्याने नेमकी तीच दुसरी धरून ठेवली आहे आणि त्याला पहिली हवी आहे. याला डेडलॉक म्हणतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना घातलेल्या एका कोड्यामुळे तो संगणकशास्त्राच्या प्रत्येक वर्गात पोचला. त्या कोड्याचं आजचं रूप म्हणजे गोल टेबलाभोवती बसलेले पाच तत्त्वज्ञ, दर दोघांच्या मध्ये एकच काटा, आणि जेवायला लागतात दोन. प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताचा काटा उचलला, की सगळे सभ्यपणे उपाशी. खरा डेडलॉक असेल तर वर्षभर थांबून उपयोग नाही. प्रोग्राम मारावाच लागतो.

कुलपांचा असा घोळ पृथ्वीबाहेरही झाला आहे. ४ जुलै १९९७ रोजी ‘मार्स पाथफाइंडर’ हे नासाचं यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या एका दुय्यम कामाने माहितीच्या सामायिक जागेचं कुलूप धरलेलं असायचं. तेच कुलूप यानातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कामांपैकी एकाला हवं असायचं. दुय्यम कामाने चटकन काम आटोपून कुलूप सोडावं, तर मध्येच मधल्या दर्जाचं एक लांबलचक काम येऊन त्याला बाजूला सारायचं. साहेब दारात उभे, किल्ली शिपायाकडे, आणि शिपायाला हेडक्लार्कने चहा आणायला पिटाळलेलं. यानावर टास्क मॅनेजर उघडायला माणूस नव्हता, पण एक राखणदार घड्याळ होतं. महत्त्वाचं काम वेळेत झालेलं दिसलं नाही की ते सगळी यंत्रणाच रीसेट करायचं. म्हणजे तिथेही निदान शांततेवरूनच. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून पाहिला आणि प्रणालीत आधीपासून असलेली, पण बंद ठेवलेली एक सोय इथून आज्ञा पाठवून चालू केली. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला तेवढ्यापुरता साहेबाचा दर्जा मिळतो, अशी ती सोय.

आपल्या डेस्कटॉपवर कोण कुणासाठी खोळंबलंय ते बघायची सोयही आहे, पण ती फारशी कुणी वापरत नाही. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये गोठलेल्या प्रोग्रामवर राइट-क्लिक केलं की ‘अ‍ॅनालाइझ वेट चेन’ असा पर्याय मिळतो. हा प्रोग्राम त्या प्रोग्रामसाठी थांबलाय, अशी साखळी तिथे दिसते. अनेकदा गुन्हेगार भलताच निघतो.

मारायची वेळ आलीच, तर क्रम पाळावा. आधी फुली, म्हणजे बंद होण्याची विनंती. मग एंड टास्क. सक्तीने बंद केलेल्या प्रोग्रामची मेमरी आणि कुलपं विंडोज स्वतः परत घेतं, पण सेव्ह न केलेलं काम जातं. वर्ड-एक्सेलमधलं ऑटो-रिकव्हर मूळ सेटिंगनुसार दर दहा मिनिटांनी प्रत ठेवतं. मी ते दोनवर आणून ठेवलंय. आणि अख्खा पडदाच गोठला असेल तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो आहे? मग आतलं इंजिन जिवंत आहे, थोडी वाट बघता येईल. दिवाही ढिम्म असेल तर बहुधा पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही. १९९२ च्या विंडोज ३.१ वर ही पाळी वारंवार यायची, कारण तिथे प्रत्येक प्रोग्रामने आपणहून पुढच्याला वाट द्यायची असा मामला होता आणि एकाने अडवली की सगळी आळी बंद. विंडोज ९५ पासून नव्या प्रोग्रामांपुरती वेळेची वाटणी प्रणालीने आपल्या हातात घेतली.

आता काकांकडे येतो. चौथ्या महिन्यात मी त्यांना म्हटलं, “काका, तुम्ही हात मांडीवर ठेवा, मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावतो.” सीपीयू शून्य, डिस्क शून्य, आणि सुमारे बेचाळीस सेकंदांनी शीट उघडली. बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा बेचाळीस. तिसऱ्यांदाही तेच. इथे माझे कान टवकारले. खरं काम दर वेळी थोडं कमी-जास्त लागतं. इतका काटेकोर वेळ लागतो तो कुणाच्या तरी उत्तराची ठरावीक मुदत संपेपर्यंत थांबण्याला. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे हिशेब असा होता: नेटवर्कवरच्या यंत्राला हाक मारायची, ३ सेकंद थांबायचं, दुसरी हाक, ६ सेकंद, तिसरी हाक, १२ सेकंद, आणि मग नाद सोडायचा. बेरीज २१. दोनदा प्रयत्न केला तर बेचाळीस.

पण बिलांच्या शीटला नेटवर्कवर कुणाला हाक मारायची होती? प्रिंटरला. पानाचा आकार आणि समास ठरवायला असे प्रोग्राम उघडतानाच डीफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतात. काकांच्या मशीनवर डीफॉल्ट म्हणून लावलेला नेटवर्क प्रिंटर जुन्या कमिटीच्या काळातला होता आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला किलोवर गेला होता. दर एक तारखेला शीट त्याला हाका मारत बसायची.

मी यादीतून तो काढून टाकला आणि ‘प्रिंट टू पीडीएफ’ डीफॉल्ट केलं. शीट तीन सेकंदांत उघडली. काका खूश झाले, चहा-बिस्किटं झाली. पुढच्या एक तारखेला पुन्हा फोन.

“अरे, उघडतंय झकास. पण प्रिंट दिली की कागद येत नाही, नुसतं नाव विचारतं. मी बहात्तर वेळा सोसायटीचं नाव टाकलं.”