सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही

कुणाची फाइल गेली की मी आधी विचारते, बॅकअप आहे का? उत्तर ठरलेलं असतं, "हो आहे ना, ड्राइव्हला सगळं सिंक होतं." मग पाच मिनिटांनी कळतं की ड्राइव्हवरूनही गेलीये. हे इतक्यांदा झालंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

सिंक सगळ्यांना माहितीये. लॅपटॉपवर बदललं की फोनवर बदलतं, ऑफिसात अर्धं राहिलेलं घरी पुढं चालू करता येतं. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड सगळे हेच करतात आणि चांगलं करतात, मी पण रोज वापरते.

घोळ इथे होतो की फाइल दोन ठिकाणी दिसली की लोकांना वाटतं एक गेली तरी दुसरी आहे. पण सिंकचं काम जपून ठेवणं नाहीये, सगळीकडे सारखं ठेवणं आहे. सारखं ठेवायचं म्हटल्यावर डिलीटसुद्धा सारखंच होणार ना! तुम्ही मुद्दाम उडवलीत की चुकून ते त्याला कळत नाही, फोनमध्ये जागा नाही म्हणून तुम्ही ड्राइव्हच्या अ‍ॅपमधून जुनं फोल्डर उडवता आणि लॅपटॉपवरूनही ते जातं, कारण ते एकच फोल्डर होतं.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "पण ट्रॅश असतो की." असतो, पण त्याला मुदत असते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, घरगुती वनड्राइव्हच्या रीसायकल बिनमध्ये ३० दिवस, ड्रॉपबॉक्सच्या फुकटच्या प्लॅनमध्येही ३० दिवस. महिन्याच्या आत लक्षात आलं तर ठीक. वर्षातून एकदा लागणारं कागदपत्र गेलंय हे महिन्याच्या आत कुणाच्या लक्षात येतं?

आणि डिलीट तरी बरं म्हणायचं. खरी भीती मला वाटते ती फाइल असून आतलं गेलेलं असतं त्याची. समजा ८० पानांचा प्रबंध आहे, चुकून अर्धं सिलेक्ट होऊन चाळीस पानं उडाली, ऑटोसेव्हने तेच सेव्ह केलं आणि तुम्ही झोपेत लॅपटॉप मिटवलात. आता नाव तेच, जागा तीच, शेजारी हिरवी टिक. ट्रॅशमध्ये काहीच नाही कारण डिलीट काहीच झालेलं नाही! सिंकच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित आहे, त्याने तुमची बिघडलेली फाइल इमानेइतबारे सगळीकडे पोचवलीये. व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलची आधीची रूपं, असते, पण तिलाही मर्यादा. घरगुती वनड्राइव्ह शेवटची २५ व्हर्जन ठेवतं, गूगल ड्राइव्ह वर्ड किंवा पीडीएफसारख्या अपलोड केलेल्या फाइलची जुनी व्हर्जन ३० दिवस किंवा १०० व्हर्जनपर्यंत. दोन महिन्यांनी ते प्रकरण उघडलंत तर चांगलं व्हर्जन कधीच मागे पडून पुसलं गेलेलं असू शकतं. रॅन्समवेअरचं, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचं पण असंच, लॅपटॉपवरच्या फाइली लॉक झाल्या की त्याच लॉक झालेल्या फाइली ड्राइव्हवर चढतात.

म्हणून माझ्या मते फरक जागेचा नाहीच, वेळेचा आहे. सिंक तुमच्याकडे आत्ता जे आहे ते सगळीकडे नेतं, बॅकअप पूर्वी जे होतं ते धरून ठेवतो आणि तुम्ही आज काय केलंत त्यामुळे तो बदलत नाही. मॅकमधल्या टाइम मशीनचं नाव मला म्हणूनच आवडतं. ते गेल्या २४ तासांची दर तासाची, गेल्या महिन्याची दर दिवसाची आणि त्यामागची दर आठवड्याची प्रत ठेवतं, डिस्क भरेपर्यंत. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे, चालू करून बाहेरची डिस्क दिलीत की आपणहून दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते.

नावांनीही गोंधळ वाढवलाय. गूगलच्या सिंकच्या अ‍ॅपचं नावच २०१७ पासून २०२१ पर्यंत 'बॅकअप अँड सिंक' होतं. वनड्राइव्हमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससाठी जे 'बॅकअप' म्हणून बटण आहे ते ती फोल्डरं वनड्राइव्हच्या आत हलवून सिंकला लावतं. म्हणजे डेस्कटॉपवरून उडवलं की वनड्राइव्हवरूनही उडालं. याला बॅकअप म्हणणं मला अजिबात पटत नाही. आणि फाइलशेजारी नुसता ढग दिसत असेल तर ती लॅपटॉपवर नाहीच, फक्त नाव दिसतंय, नेट गेल्यावर उघडून बघा.

हार्डडिस्कवाल्यांचं पण थोडं. फाइली डिस्कवर टाकून लॅपटॉपवरून काढून टाकल्या तर तो बॅकअप नव्हे, नुसती जागा बदलली, प्रत एकच राहिली आणि तीही पडून फुटू शकणाऱ्या डिस्कवर. आणि डिस्क कायम लावून ठेवू नका, लॅपटॉपला जे होईल ते तिलाही होईल. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर असा ३-२-१ चा जुना नियम आहे. त्यात सिंकमधली एक प्रत घराबाहेरची म्हणून धरायला माझी हरकत नाही, पण फक्त तीच असेल तर हरकत आहे.

मी दोन्ही ठेवते. रोजचं काम सिंकच्या फोल्डरमध्ये, आणि दर रविवारी डिस्क लावायची, बॅकअप होऊ द्यायचा, डिस्क काढून कपाटात. त्या फोल्डरमधल्या फाइली 'या डिव्हाइसवर कायम ठेवा' अशा केल्यात, नाहीतर बॅकअपला घ्यायला लॅपटॉपवर काही नसतंच.

तुमचं काय आहे ते बघायचं असेल तर रोज बदलणारी एखादी फाइल घ्या आणि तिचं तीन महिन्यांपूर्वीचं रूप काढून उघडून बघा. निघालं तर बॅकअप आहे. नाही निघालं तर डिस्क आजच लावा, पहिल्या खेपेला रात्रभर लागू शकतं म्हणून चार्जर पण लावून ठेवा.