रीमास्टर केलेली रॉक गाणी

रीमास्टरिंग : पूर्वी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्याच्या मूळ मास्टर फितीवरून (सगळे आवाज मिसळून तयार केलेल्या अंतिम फितीवरून) नवी प्रत काढून तिचा आवाज आजच्या साधनांसाठी पुन्हा जुळवण्याची प्रक्रिया. गाणे नव्याने गायले-वाजवले जात नाही. गिटार, ड्रम, गायकाचा आवाज असे सुटे ट्रॅक उघडून पुन्हा मिसळले, तर ते रीमिक्स. रीमास्टरमध्ये सहसा आधीच मिसळलेल्या फितीवरच काम होते. जाहिरातींत मात्र दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थी वापरतात.

१९७०-८०च्या दशकांतल्या काही फिती दमट हवेने चिकट होतात. त्या सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवूनच यंत्रावर चढवतात. मग डिजिटल प्रत काढून खरखर कमी करतात आणि खर्ज व तीव्र स्वरांचा तोल साधतात.

अशा गाण्यांच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने फोर्टमधल्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून आपल्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या चित्रपट-संगीताच्या अल्बमचा काही भाग आणि बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित करून घेतला, गायन नंतर लंडनला झाले. स्टुडिओत बाहेरचे आवाज येत. बारकाईने ऐकल्यास जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात, असे हॅरिसननेच सांगितले आहे. बीटल्सची ध्वनिमुद्रणे २००९ मध्ये, तर ‘वंडरवॉल म्युझिक’ २०१४ मध्ये रीमास्टर होऊन पुन्हा आले. अशा जागी तंत्रज्ञाने हात आखडता घ्यावा हे बरे; रहदारी पुसायला गेले की सतारीची आसही पुसली जाण्याचा धोका असतो. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ वाजवून पाहिली. ती ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. पेजने रीमास्टर केलेल्या ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत ती आहेत.

मुंबईच्या जुन्या श्रोत्यांना या आवृत्त्यांची ओढ वाटते, तिचे एक कारण कॅसेट. रॉक पुष्कळांनी ऐकले ते मित्राच्या कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर. दर प्रतीत फुसफुस वाढे आणि झांजेची किणकिण बोथट होई. २०१६ मध्ये बंद झालेल्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानातून मूळ प्रत घेणे प्रत्येकाला परवडत नसे. त्यामुळे पाठ असलेल्या गाण्यात गायकाचा श्वास प्रथमच ऐकू येणे हे अप्रूपच. उलट, जुनी खरखरच हवी असणारेही आहेत. बालगंधर्वांच्या तबकड्या जपणाऱ्या मराठी घरांना हा वाद नवा नाही.

१९९० नंतरच्या कित्येक रीमास्टरमध्ये हळू-मोठ्या आवाजातला फरक दाबून सगळेच मोठे केले गेले. लोकलच्या गोंगाटात इअरफोनवर असे गाणे ठसठशीत वाटते, पण घरी निवांत ऐकताना कान शिणतात. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा आता गाण्यांची पातळी साधारण सारखी करतात, तेव्हा मोठेपणाचा फायदा उरत नाही आणि दबलेपण तेवढे राहते. म्हणून काही चोखंदळ श्रोते रीमास्टर सोडून १९८०च्या दशकातल्या सीडी शोधतात.