बाटलीतले जंतू आणि रक्तातले जंतू

कोविडच्या लाटांपासून एक वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत: ‘ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे रक्तात इन्फेक्शन झालं.’ ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत भरायचं, मशीनमध्ये उबेत ठेवायचं आणि जंतू वाढतात का ते बघायचं. कल्चर पॉझिटिव्ह म्हणजे बाटलीत जंतू वाढले, एवढंच. ते रक्तातून आले की टोचताना कातडीवरून, हे रिपोर्टवर छापून येत नाही.

रक्तातला खरा संसर्ग म्हणजे काय हे उगाळत बसत नाही. ताप, थंडी, बीपी उतरणं, सेप्सिस (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) हे सगळं आता घरोघरी माहीत आहे. कंटॅमिनेशन, म्हणजे बाहेरचे जंतू नमुन्यात मिसळणं, मात्र कुणी समजावून सांगत नाही. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू सुखाने नांदत असतात. टोचायची जागा नीट घासली नाही, औषध सुकू दिलं नाही, किंवा पुसून झाल्यावर शीर सापडेना म्हणून परत बोट लावलं (हे बघितलं की माझं डोकंच फिरतं), की ते सुईबरोबर बाटलीत जातात आणि मशीनच्या उबेत मजेत वाढतात.

साथीत कंटॅमिनेशन का वाढलं? दुहेरी ग्लोव्ह्ज, धुकं धरलेला गॉगल आणि हाताखाली दुसऱ्या विभागातून आणलेली माणसं, हे कारण सगळे सांगतात. त्याहून मोठं कारण गणिताचं आहे. कोविडमुळेही ताप येतो, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढतो. म्हणून ज्यांच्या रक्तात जंतू असण्याची शक्यता कमी, अशांचीही कल्चर्स धडाधड पाठवली गेली. टोचणाऱ्याचा हात सराईत असला तरी शंभरात दोन-तीन कल्चर्स बिघडू शकतात. रक्तात खरोखर जंतू असलेले रुग्ण शंभरात दहा असतील तर त्या दोन-तीन खपून जातात. खरे एक-दोनच असतील, तर पॉझिटिव्ह रिपोर्टांत खोटेच जास्त.

न्यू यॉर्कमध्ये 2020 मध्ये लाटेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत नेमकं हेच दिसलं. तिथल्या एका रुग्णालय-समूहाने 28,011 रुग्णांची 88,201 कल्चर्स तपासली. कोविड नसलेल्यांत 8 टक्के पॉझिटिव्ह, कोविडवाल्यांत 3.8. आणि कातडीवरचे नेहमीचे जंतू वगळल्यावर कोविडवाल्यांचा आकडा 1.6 वर आला. म्हणजे निम्म्याहून जास्त ‘पॉझिटिव्ह’ कातडीचे! नमुने इतके की मशीनमध्ये बाटल्या ठेवायला जागा पुरेना. पॉझिटिव्ह येणाऱ्यांपैकी 98 टक्के चार दिवसांतच आली होती, त्यामुळे बाटल्या पाच दिवस मशीनमध्ये ठेवण्याचा रिवाज आवरता घेता येईल असंही त्यातून पुढे आलं.

मग ओळखायचं कसं? इथेच भले भले घसरतात. ‘दोन्ही बाटल्या पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे खरंच असणार’ असं ठासून सांगतात. अहो, त्या दोन्ही बाटल्या एकाच सुईतून भरल्या असतील तर तो एकच सेट. एकाच टोचणीत गेलेली घाण दोन्हीकडे वाटली गेली, इतकंच. बाटल्या मोजू नका, टोचण्या मोजा. डाव्या हाताचा एक सेट, उजव्या हाताचा दुसरा, आणि दोन्हींत तोच जंतू, तर गोष्ट गंभीर. एकात आहे, दुसऱ्यात नाही आणि जंतू कातडीवरचा, तर बहुधा कंटॅमिनेशन. आपल्याकडे अनेकदा खर्च वाचवायला एकच बाटली पाठवतात. त्यात कातडीचा जंतू आला की लॅबही हतबल, डॉक्टरही, आणि रुग्णाला उगाच व्हँकोमायसिन हे जबर अँटिबायोटिक सुरू. त्यापेक्षा दोन सेटचे पैसे परवडले, असं माझं स्पष्ट मत आहे. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवून ठेवलेल्या नळीतून) सोयीसाठी रक्त काढणं तर मला अजिबात पटत नाही. लाइनवरच संशय असेल तर तिथून एक आणि हातातून एक, दोन्ही एकाच वेळी.

हा हिशेब फक्त कातडीवरच्या जंतूंना लागू. स्टॅफ ऑरियस, ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू किंवा कँडिडा ही बुरशी, यांतलं काही एका बाटलीत जरी आलं तरी ‘कंटॅमिनेशन असेल’ म्हणून सोडायचं नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 मधल्या, 10 रुग्णालयांतल्या 17,534 कोविड रुग्णांची माहिती पाहिली. कोविडवर दुसरा, जिवाणूंचा किंवा बुरशीचा, संसर्ग झाला फक्त 3.6 टक्क्यांना, पण त्यांतले 56.7 टक्के दगावले, आणि सापडलेल्या जंतूंत क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर आघाडीवर होते.