मागून येणारी घरघर आणि डिफरन्शियल

‘जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागून घरघर ऐकू आली की डिफरन्शियल गेले,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची रचना, मागेच असल्याने असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चाकांचे बेअरिंग आणि असमान झिजलेले टायरही तिथेच असतात, आणि त्यांचा खर्च सहसा पुष्कळच कमी असतो.

प्रथम गाडी काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आणावी. मुंबईत असे सांधे जागोजागी आहेत. आवाज लगेच बदलला तर टायर तपासावेत. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पृष्ठभागावरून, तळहात आधी पुढे, मग उलट फिरवला की झिजेचे दाते एका दिशेने टोचतात.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, त्याच वेगाला ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा येत असेल, तर डिफरन्शियलवर संशय घेणे रास्त आहे. सूर तसाच राहून डावीकडच्या लांब वळणावर घरघर वाढली, तर भार उजव्या चाकावर जात असल्याने त्या बाजूचे बेअरिंग बघावे. गाडी स्टँडवर भक्कम टेकवून चाक हाताने फिरवले आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, की खराब बेअरिंगची खरखर बोटांना स्पष्ट जाणवते.

स्पीडब्रेकरवरची ‘ठकठक’ मात्र बहुधा सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी बुश किंवा सायलेन्सरच्या रबरी हँगरची असते.

संशय अखेर डिफरन्शियलवरच आला, तरी ते उघडण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी, कारण सील गळून तेल कमी झाले तरी डिफरन्शियल आवाज करू लागते.