सॉनिक पॅव्हेलियन

अमेरिकन कलावंत डग एटकिन (जन्म १९६८) यांची ब्राझीलमधील कायमस्वरूपी ध्वनिकलाकृती. मिनास जेराइस राज्यातील ब्रुमाजिन्यु येथे, इन्योचिं या कला-उद्यानात ती २००९ साली खुली झाली.

टेकडीवर काचेची गोल खोली आणि तिच्या मधोमध जमिनीत सुमारे २०० मीटर खोल विवर, एवढाच तिचा पसारा. आपल्या भाषेत साडेसहाशे फुटांची बोअर. पण पाण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी मारलेली. विवरात वेगवेगळ्या पातळ्यांवर मायक्रोफोन सोडले आहेत. त्यांनी टिपलेला आवाज मोठा होऊन त्याच क्षणी खोलीतल्या स्पीकरवर येतो. आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले काही वाजवले जात नाही. खर्जातली घरघर, मध्येच गुरगुर, कधी नुसतीच लांबलेली गाज. काचांवरच्या पातळ आवरणामुळे थेट समोरचे तेवढे स्पष्ट दिसते, बाजूचे धूसर होते. डोळ्यांना असा लगाम बसला की कान टवकारले जातात.

‘पृथ्वीचा आवाज’ हे तिचे नेहमीचे वर्णन मात्र जपून घ्यावे. साधारण २० हर्ट्‌झखालचे कंप माणसाला ऐकू येत नाहीत आणि भूकंपलहरी बहुतांशी त्याखालीच असतात. शिवाय एवढ्या खोल विवराचा स्वतःचा घुमारा आवाजात मिसळणारच. अलास्कातील फेअरबँक्सच्या संग्रहालयात संगीतकार जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स यांनी २००६ मध्ये उलटी वाट धरली: भूकंपमापकांच्या नोंदी संगणकाकडून सुरांत बदलून घेतल्या. तिथे माहितीचे संगीत होते. इथे खडकालाच कान लावलेला आहे.

ही जागा निवडली गेली तो मुलूखच खाणींचा. मिनास जेराइस या नावातला ‘मिनास’ म्हणजे खाणी. अठराव्या शतकात इथे सोन्यासाठी डोंगर पोखरले गेले, पुढे लोहखनिजासाठी. इन्योचिं उभारणारे बेर्नार्दु पास हेही खाण उद्योजकच. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यु येथीलच एका लोहखाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला आणि २७० माणसे दगावली. उद्यानापर्यंत चिखल पोहोचला नाही, पण ते काही दिवस बंद ठेवावे लागले. तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांचे आप्त त्या गाळाखाली गेले होते.