सायंटिफिक रायटिंग कॉलेजात आलं कुठून?

सायंटिफिक रायटिंगच्या पहिल्या लेक्चरला फळ्यावर इंट्रोडक्शन, मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन असे चार शब्द पडतात आणि पोरांना वाटतं न्यूटनपासून सगळे असंच लिहीत आले असणार. अजिबात नाही. हा साचा जेमतेम आपल्या आजोबांच्या वयाचा आहे. न्यूटनचा प्रकाश आणि रंगांवरचा १६७२ चा पेपर म्हणजे चक्क पत्र आहे, लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे सेक्रेटरी हेन्री ओल्डेनबर्ग यांना लिहिलेलं, आणि सुरुवातच अशी की १६६६ मध्ये मी एक काचेचा प्रिझम मिळवला. म्हणजे सरळ गोष्ट सांगायला बसलाय माणूस.

याच ओल्डेनबर्गने १६६५ च्या मार्चमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे जर्नल, म्हणजे शोध छापणारं नियतकालिक, सुरू केलं (पॅरिसचं एक नियतकालिक दोन महिने आधी आलं होतं, पण त्यात पुस्तकांचे परिचय वगैरे बरंच काही असायचं). त्याआधी काय चालायचं तर शोध लागला की लपवायचा. रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि उत्तर दोन वर्षांनी दिलं, म्हणजे जर्नल निघाल्यावरही ही खोड गेली नव्हतीच. जर्नलचा फायदा असा की पत्र छापलं की तारीख पडते, मग आधी कोण हा वाद मिटतो, निदान कमी तरी होतो. आणि वाचणारा तर प्रयोगाच्या वेळी हजर नसतो, त्याने विश्वास का ठेवायचा? म्हणून रॉबर्ट बॉइल हवेच्या पंपाचे प्रयोग पाल्हाळ लावून लिहायचा, फसलेले प्रयोगसुद्धा, की वाचणाऱ्याला आपण तिथेच उभे होतो असं वाटावं. आज मेथड्समध्ये बारीकसारीक लिहा म्हणून सर ओरडतात त्याचं मूळ हे, फक्त फसलेले प्रयोग मधल्या काळात कुठे गेले कुणास ठाऊक.

चार भागांचा साचा १९४० नंतर हळूहळू पसरला आणि १९८० च्या आसपास मोठ्या मेडिकल जर्नल्समध्ये जवळपास दुसरं काही छापलंच जाईना. कारण साधं आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर पेपरांचा पूर आला, सगळं वाचायला कुणालाच वेळ नाही, मग हवा तो भाग पटकन सापडला पाहिजे, एडिटर आणि रेफरी (छापण्याआधी पेपर तपासणारा जाणकार) दोघांनाही. अमेरिकेत १९७२ मध्ये त्याचं स्टँडर्डच निघालं. पण नोबेल मिळालेला पीटर मेडावर १९६३ मध्येच बीबीसीवर बोलून गेला होता की सायंटिफिक पेपर एका अर्थाने फसवा असतो, संशोधन ज्या क्रमाने होतं तो क्रम त्यात दिसतच नाही. मला हे पूर्ण पटतं, आणि पहिल्या लेक्चरला हेच सांगायला हवं असंही वाटतं, नाहीतर पोरं समजतात की आपलंच डोकं वेडंवाकडं चालतं.

बोलण्याची बाजू वेगळीच. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, शाळा नावापुरती, त्याने बोलणं शिकायला बेंजामिन स्मार्ट नावाच्या वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे धडे घेतले. १८१३ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने लेक्चर कसं असावं यावर पानंच्या पानं लिहिलीत, एक तास कुणालाही पुरे हेसुद्धा त्यातच. बोलण्याचा वेग वाढला तर 'स्लो' लिहिलेलं कार्ड असिस्टंटने समोर ठेवायचं अशी सोय होती म्हणे. म्हणजे ही कला शिकून येते हे तेव्हाच माहीत होतं, कॉलेजांनीच उशीर केला.

कॉलेजात पहिला हात घातला तो मुख्यतः इंजिनिअरिंगवाल्यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, कारण इंजिनिअरला धड रिपोर्ट लिहिता येत नाही अशी ओरड होती. सायन्सवाले मात्र गाईडच्या हाताखाली येईलच आपोआप असं धरून बसले. गाईड चांगला मिळाला तर यायचंही, नाही मिळाला तर संपलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रत्येक विषयात लेखन शिकवा अशी चळवळ झाली तेव्हा कुठे हे हलायला लागलं.

पोस्टर, म्हणजे भाषणाऐवजी संशोधन मोठ्या कागदावर लावून दाखवणं, आलं ते गर्दीमुळे, १९६९ मध्ये माद्रिदच्या एका युरोपियन बायोकेमिस्ट्री परिषदेत, बोलायला माणसं फार आणि वेळ कमी. मग १९८७ मध्ये पॉवरपॉइंट, आधी फक्त मॅकवर. २००३ ला कोलंबिया यान कोसळलं त्याच्या चौकशी अहवालात नासासाठी बोइंगने केलेल्या एका स्लाईडचीही चिरफाड आहे, महत्त्वाची गोष्ट बुलेटच्या खाली बुलेट अशी दबून गेली होती. स्लाईडवर किती मजकूर टाकायचा यावर वाद घालणाऱ्यांनी ते पान जरूर बघावं.

आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीने तीन मिनिटांत पीएचडी सांगायची स्पर्धा काढली, एकच स्लाईड, तीही न हलणारी. तेव्हा तिकडे दुष्काळ होता, लोक अंघोळीला तीन मिनिटांचं टायमर लावायचे, त्यावरून ही आयडिया सुचली. आता शेकडो युनिव्हर्सिटीत चालते. काहींना ती नुसती चमकोगिरी वाटते, पण माझ्या मते पहिल्या वर्षाच्या पोरांनाही द्यावी, कारण हल्ली हा कोर्स बऱ्याच ठिकाणी शेवटच्या वर्षात येतो, प्रोजेक्ट रिपोर्टचं सबमिशन डोक्यावर आलेलं असताना.