स्पॅनिशच्या पहिल्या धड्यामागचा इतिहास

स्पॅनिश शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात बरेच मराठी विद्यार्थी एका ठिकाणी अडतात. आपलं 'तू' तिकडेही 'तू'च, आणि मान द्यायचा तर 'उस्तेद'. इथवर सगळं ओळखीचं. मग फळ्यावर क्रियापदं येतात: 'तू आब्लास' म्हणजे तू बोलतोस, 'एल आब्ला' म्हणजे तो बोलतो, आणि 'उस्तेद आब्ला' म्हणजे तुम्ही बोलता. समोर बसलेल्या माणसाला 'तो'चं क्रियापद कसं काय?

कारण 'उस्तेद' हे मुळात सर्वनामच नव्हतं. मोठ्या माणसाला 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', असं संबोधायची रीत होती. 'आपली कृपा काय म्हणते?' या वळणाचं ते बोलणं. आपणही 'सरकारांनी बसावं', 'साहेब काय घेणार?' असं समोरच्यालाच तृतीय पुरुषात म्हणतो. सतराव्या शतकापर्यंत ते दोन शब्द तोंडात झिजत 'उस्तेद' झाले, क्रियापद मात्र त्या 'कृपे'चंच राहिलं. हे सांगितलं की तक्ता पाठ करावा लागत नाही. म्हणूनच मला वाटतं, थोडा इतिहास पहिल्या धड्यातच यायला हवा.

ही भाषा मूळची कास्तीयची, स्पेनच्या उत्तरेकडच्या एका छोट्या राज्याची. रोमनांच्या बोलीभाषेतल्या लॅटिनमधून ती घडली. इ.स. 711 मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा आल्या आणि दक्षिणेत पुढची जवळपास आठ शतकं अरबी नांदली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की हे दिसतं: तेल 'आसेइते', तांदूळ 'आरोस', साखर 'आसुकार'. सुरुवातीचा 'आ' बहुतेकदा अरबी 'अल्' या उपपदाचा अवशेष. 'असं झालं तर बरं' या अर्थाचा 'ओहाला' तर 'अल्लाची इच्छा असेल तर' या अरबी वाक्यातून आला. आज स्पॅनिशमध्ये तो कुठल्याही धर्माचा माणूस सहज म्हणतो. साखरेचं मूळ आणखी मागे जातं, संस्कृत 'शर्करे'पर्यंत. नारिंगाला 'नारांहा' म्हणतात, ते का हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

शब्दांच्या त्याच वाटेने गोष्टीही गेल्या. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी या तिथल्या जुन्या भाषेत उतरलं, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत नेलं. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तिथे कलीला आणि दिम्ना झाले. 1251 च्या सुमारास त्याच अरबी पुस्तकाचं कास्तीयच्या भाषेत भाषांतर झालं. ते करवून घेतलं राजपुत्र आल्फोन्सोने, असं मानतात. पुढच्याच वर्षी तो दहावा आल्फोन्सो म्हणून गादीवर बसला, आणि कायदे, इतिहास, खगोलशास्त्र त्याने लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत लिहून घेतलं. 1283 मध्ये त्याच्याच दरबारात बुद्धिबळावरचा मोठा सचित्र ग्रंथ पूर्ण झाला. या खेळाचं स्पॅनिश नाव 'आहेद्रेस', म्हणजे शतरंजमार्गे गेलेलं आपलं चतुरंग. त्यानंतर सातच वर्षांनी, 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण विद्वानांची भाषा बाजूला ठेवून लोकभाषेत मोठं काम करण्याची ही दोन उदाहरणं इतकी जवळजवळची आहेत, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

मग आलं 1492. जानेवारीत स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रानादा पडलं, 3 ऑगस्टला कोलंबस पालोस बंदरातून निघाला आणि 18 ऑगस्टला सालामांकात आंतोनियो दे नेब्रिहाचं कास्तीयन व्याकरण छापून झालं. राणी इसाबेलाला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने म्हटलंय की भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण असते. पुढे अमेरिकेत ते शब्दशः खरं ठरलं. अनेक स्थानिक भाषा मेल्या, ज्या तगल्या त्या मागे रेटल्या गेल्या. ही किंमत 'हिस्पॅनिक संस्कृती' म्हणून फक्त नाच आणि सणवार शिकवताना वगळली जाते, ते मला पटत नाही. 12 ऑक्टोबर, म्हणजे कोलंबस अमेरिकेत पोहोचला तो दिवस, हा स्पेनचा राष्ट्रीय दिन. वेनेझुएलात त्याच तारखेला आदिवासींच्या प्रतिकाराचा दिवस पाळतात.

त्या भाषांनी स्पॅनिशलाही बदललं. टोमॅटो, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो हे शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्लचे. 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, तोही रताळ्यासाठीचा; आपल्याकडे तो पोर्तुगीजांमुळे आला. लॅटिन अमेरिकेत बटाट्याला 'पापा' म्हणतात, तो अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेचा शब्द. स्पेनमध्ये मात्र 'पाताता'.

माद्रिदची भाषा अकादमी 1713 ची. वाक्याच्या आरंभी येणारं उलटं प्रश्नचिन्ह तिच्याच 1754 च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकातलं: लांब वाक्य मोठ्याने वाचताना प्रश्न कुठे सुरू होतो ते आधी कळावं म्हणून. पण बोलणं अकादमीच्या हाती नव्हतं. समोरच्याला म्हणायचा 'बोस' हा आणखी एक शब्द पूर्वी मानाचा होता, तो हळूहळू सलगीचा झाला. स्पेनच्या दरबारात आणि त्याच्याशी घट्ट संबंध असलेल्या मेक्सिको आणि लिमासारख्या शहरांत तो मागे पडून 'तू' टिकला. लांबच्या ब्वेनोस आइरेसमध्ये 'बोस' राहिला, आणि आजही तिथे मित्राला 'बोस'च म्हणतात. नवशिक्यांच्या बऱ्याच पुस्तकांत त्याला जागा नसते. अर्जेंटिनाला जाणाऱ्याने तेवढी एक ओळ तक्त्यात स्वतःच लिहून घ्यावी: 'बोस आब्लास', आणि जोर शेवटच्या 'ब्लास'वर.